सुशिक्षित तरुणांचे शहरांतर आणि वस्तीची निवड : रेणापूर परिसराच्या संदर्भात हैदराबाद ते पुणे एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या स्थलांतराचा विचार बहुधा दुष्काळ, ऊसतोड आणि मजुरी या संदर्भात केला जातो. तो आवश्यकच आहे. मात्र या प्रदेशातून दुसराही एक प्रवाह सतत बाहेर जात राहिला. शिक्षण पूर्ण करून नोकरी, वकिली, अध्यापन किंवा तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील कामासाठी मोठ्या शहरात गेलेल्या तरुणांचा हा प्रवाह होय. अशा तरुणापुढे नोकरी मिळाल्यानंतरचा पहिला प्रश्न 'बिऱ्हाड कोठे करावे' हा असतो. हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. परंतु कोणत्या वस्तीत राहावयाचे, यावर शेजार, भाषा, मुलांची शाळा, सार्वजनिक जीवनातील सहभाग आणि काही वेळा सुरक्षितताही ठरते. म्हणून वस्तीची निवड हा सामाजिक इतिहासाचा विषय ठरतो.

लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले तालुक्याचे गाव लातूर–अंबाजोगाई मार्गावर वसलेले आहे. १९४८ पर्यंत हा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात व त्यानंतर महाराष्ट्रात राहिला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला. गाव जागेवरच होते, पण त्याची राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. त्यामुळे एकाच घरातील आजोबा हैदराबादकडे, मुलगा औरंगाबाद वा मुंबईकडे आणि नातू पुण्याकडे गेला, असे घडणे या भागात स्वाभाविक होते. या तीन दिशांना गेलेल्या तरुणांनी वस्ती कशी निवडली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. निजामकाळात हैदराबादेत गेलेल्या मराठी तरुणांच्या वस्तीनिवडीमागील कारणे पाहणे.
२. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेमुळे या निवडीत झालेला बदल तपासणे.
३. पुण्याकडे होणाऱ्या अलीकडच्या शहरांतरात जुन्या कारणांपैकी कोणती टिकली व कोणती मागे पडली हे स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. हैदराबाद संस्थानाचा इतिहास, शैक्षणिक संस्थांची वाटचाल, रेल्वेची उभारणी आणि भाडेनियंत्रणाचे कायदे या चार अंगांनी विषयाची मांडणी केली आहे. कोणत्या वस्तीत किती लोक गेले, याची संख्यात्मक गणना येथे अभिप्रेत नाही. निवडीमागील सूत्र शोधणे हा मुख्य हेतू आहे.

वाट, स्थानक आणि बिऱ्हाड

नवख्या माणसाची शहराशी पहिली ओळख स्थानकावर होते. म्हणून वस्तीनिवडीचा इतिहास रेल्वेपासून सुरू करणे योग्य ठरेल. मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड ही मराठवाड्याची प्रमुख गावे त्यामुळे राजधानीशी जोडली गेली. या मार्गावरील गाड्या हैदराबादेत काचीगुडा येथे थांबत. काचीगुडा स्थानकाची भव्य इमारत १९१६ मध्ये उभी राहिली. नांदेडहून गाडीत बसलेला तरुण काचीगुड्याला उतरे. तेथून पायी जाता येईल अशा अंतरावर काचीगुडा, बडी चावडी आणि रेसिडेन्सी बाजार या भागांत मराठी कुटुंबांची वस्ती वाढली होती.

लातूर–रेणापूर भागाची स्थिती वेगळी होती. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा १९११ मध्ये लातूरपर्यंत आला. हा मार्ग कुर्डुवाडी येथे मुंबई–मद्रास मार्गाला मिळत असे. म्हणजे रेल्वेने हैदराबाद गाठावयाचे तर लातूरच्या माणसाला प्रथम पश्चिमेकडे ब्रिटिश हद्दीत जाऊन, सोलापूर व वाडीमार्गे पुन्हा संस्थानात यावे लागे. पुढे १९३० नंतर विकाराबाद–बीदर–परळी हा मार्ग झाला आणि लातूर रोड स्थानकावरून राजधानीची सरळ वाट मिळाली. राजकीय दृष्ट्या हैदराबादशी बांधलेला हा भाग व्यापार व रेल्वेने पश्चिमेकडेही ओढलेला होता. पुढे पुण्याकडे जो ओघ लागला, त्याची एक वाट अशी फार पूर्वीच आखली गेली होती.

हैदराबादकडे जाण्याचे कायदेशीर कारणही होते. संस्थानच्या नोकऱ्यांत 'मुल्की' उमेदवारास प्राधान्य असे. १९१९ च्या फर्मानानुसार बाहेरून आलेल्या व्यक्तीला मुल्की ठरण्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. मराठवाड्यातील तरुण जन्मानेच मुल्की असल्यामुळे राजधानीत त्याचा नोकरीवर हक्क होता. उलट पुण्यात तो 'मोगलाईतला' समजला जाई. राजधानीतील उच्च शिक्षण व कारभार मात्र उर्दूत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे कचेरी उर्दूची आणि घर मराठीचे, अशी या तरुणांच्या जीवनाची विभागणी झाली. मराठी टिकवावयाची तर मराठी शेजार हवा होता.

रेसिडेन्सी बाजार : वस्ती आणि नागरी मोकळीक

मराठी माणसाने हैदराबादेतील नेमका हाच भाग का निवडला, याचे उत्तर केवळ स्थानकाच्या जवळिकीत सापडत नाही. मुसी नदीच्या उत्तरेस ब्रिटिश रेसिडेंटच्या निवासाभोवती जो बाजार वाढला होता, त्यावर १९३३ पर्यंत निजामाचा नव्हे तर रेसिडेन्सीचा अंमल होता. त्या वर्षी हा भाग निजामाकडे परत सोपविण्यात आला आणि पुढे तो सुलतान बाजार या नावाने रूढ झाला. एकाच शहरात, एका रस्त्याच्या अंतरावर, दोन भिन्न कारभार चालत होते.

या वस्तुस्थितीचे परिणाम दूरगामी होते. हैदराबादेतील आर्य समाज १८९२ मध्ये स्थापन झाला आणि सुलतान बाजार हे त्याचे केंद्र बनले. तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये याच भागात सुरू झाले. मराठी भाषकांची विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन झाली व जवळच जामबाग येथे नावारूपास आली. मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १९२२ मध्ये झाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांचे सार्वजनिक कार्य याच परिसराशी निगडित होते. परभणीकडील मूळ असलेल्या कोरटकरांनी गुलबर्ग्यात वकिली केली व नंतर ते हैदराबादेत आले. म्हणजे वस्तीला आकार देणारे धुरीण हेही एके काळी बाहेरून आलेले तरुण वकीलच होते.

निजाम सरकारने १९२९ च्या सुमारास काढलेल्या गश्ती निशाण त्रेपन्न या परिपत्रकामुळे सभा-संमेलनांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक झाली. संस्थानी प्रजेच्या राजकीय परिषदा तर काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) अशा संस्थानाबाहेरील गावी भरवाव्या लागल्या. या पार्श्वभूमीवर पाहता १९३३ पूर्वी रेसिडेन्सीच्या हद्दीत बिऱ्हाड करणे म्हणजे वाचनालयात वृत्तपत्र वाचण्याची, व्याख्यान ऐकण्याची आणि मुलाला मातृभाषेच्या शाळेत घालण्याची थोडीशी मोकळीक मिळविणे होते. भाडे, कचेरीचे अंतर आणि शेजार यांच्या जोडीला 'हद्द' हाही वस्तीनिवडीचा निकष होता, हे येथे विशेषत्वाने नोंदविले पाहिजे. तेलुगू व मराठी दोन्ही भाषकांनी आपल्या संस्था याच भागात उभारल्या, ही गोष्ट या अनुमानाला पुष्टी देते.

तथापि सर्वांना स्वतंत्र बिऱ्हाड परवडत नसे. आप्तांचे घर हाच अनेकांचा पहिला पत्ता असे. मराठवाड्याचे विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे शिक्षणासाठी हैदराबादेत आपले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कुरुंदकर पुढे नांदेडला आले व पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. मामाचे घर म्हणजे केवळ निवारा नव्हता. त्या घरातील ग्रंथ, येणारी-जाणारी माणसे आणि होणाऱ्या चर्चा यांतून तरुणाची घडण होई. वस्तीची निवड येथे तरुणाने केलेली नसून त्याच्या आधी शहरात पोहोचलेल्या नातलगाने केलेली असते. स्थलांतराच्या अभ्यासात ज्याला साखळी स्थलांतर म्हणतात, त्याचे हे मराठी घरातील रूप होय.

निवड जेव्हा उरत नाही

वस्तीच्या निवडीबद्दल लिहिताना ज्यांना निवड करता आली नाही त्यांचा विचार टाळता येणार नाही. १९३८ च्या अखेरीस औरंगाबाद येथील इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. हे आंदोलन उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांपर्यंत पोहोचले आणि अनेक विद्यार्थ्यांना संस्था सोडावी लागली. त्यांपैकी बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. संस्थेने दिलेला पत्ता संस्था काढूनही घेऊ शकते, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. नातलगाचे बिऱ्हाड आणि शासकीय वसतिगृह यांतला हा फरक महत्त्वाचा आहे.

पुढे १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमेलगतची अनेक कुटुंबे बार्शी, सोलापूर अशा ब्रिटिश अमलातून नुकत्याच मुक्त झालेल्या भागात आश्रयाला गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाईनंतर हिंसेची दिशा पालटली. भारत सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने या काळात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदविला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचेही तिने म्हटले. या जिल्ह्यांतील अनेक मुस्लिम कुटुंबांनी हैदराबाद शहराचा आश्रय घेतला. या दोन्ही प्रसंगांत वस्ती ठरविली ती भीतीने. आपल्या माणसांत राहण्याची ओढ आणि इतरांत राहण्याची भीती यांतील सीमारेषा अशा काळात पुसली जाते. ती पुढील पिढ्यांतही सहजी पूर्ववत होत नाही.

जातीचा प्रश्नही असाच होता. नातलगाचे घर, वार लावून जेवणे, माधुकरी किंवा वाड्यातील खोली ही शहरात शिकण्याची जुनी साधने प्रामुख्याने उच्चवर्णीयांपुरती होती. ज्याचा कोणी नातलग शहरात अधिकारपदावर नाही आणि ज्याला वाड्यात खोली मिळत नाही, अशा दलित तरुणाला पत्ता देण्याचे काम संस्थेलाच करावे लागणार होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ते प्रसिद्धीस आले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. या संस्थेचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. तेथील वसतिगृहे हा मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या असंख्य दलित तरुणांचा शहरातील पहिला सन्माननीय पत्ता ठरला. महाराष्ट्रात वसतिगृहाला केवळ निवासव्यवस्था न मानता सामाजिक परिवर्तनाचे साधन मानण्याची जी परंपरा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात रुजविली, तिचे मराठवाड्यातील हे सर्वांत प्रभावी उदाहरण होय.

राज्यपुनर्रचना : राजधानी बदलते, पत्ताही बदलतो

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात शासकीय सेवा व शिक्षण यांत मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य करण्यात आले होते. हैदराबादेत स्थिरावलेल्या मराठी अधिकारी व कर्मचाऱ्यांपुढे मात्र कठीण प्रश्न उभा राहिला. सुलतान बाजार–काचीगुडा परिसरात दोन-तीन पिढ्यांनी उभारलेल्या संस्था तेथेच राहणार होत्या. नोकरी मात्र औरंगाबाद, पुणे वा मुंबईकडे जाणार होती. काही कुटुंबे तेथेच राहिली. काहींनी बिऱ्हाड हलविले. निलंगा येथे १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद राज्याच्या सेवेतून मुंबई राज्याच्या सेवेत आले आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचे संपादक झाले. त्यांचे उदाहरण या पिढीचा प्रवास दर्शविते.

मुंबईतील वस्तीची निवड हैदराबादेहून अगदी निराळी होती. शासकीय नोकराला निवासस्थान मिळे ते पद, वेतन आणि ज्येष्ठता पाहून. वांद्रे (पूर्व) येथील शासकीय वसाहतीसारख्या ठिकाणी शेजारी कोण असावा हे प्रतीक्षायादी ठरवी. त्यामुळे विविध जिल्ह्यांतील व जातींतील कुटुंबे एकाच जिन्यावर राहू लागली. ज्यांना शासकीय निवासस्थान मिळाले नाही, त्यांना खासगी जागेसाठी पागडीची रक्कम उभी करावी लागे. ती मराठवाड्यातील सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. मुलाखत वा कागदपत्रांच्या कामासाठी मुंबईत गेलेल्या तरुणाला आपल्या भागाच्या आमदाराच्या आमदार निवासातील खोलीचा आधार वाटे, हे या भागात सर्वश्रुत आहे. मामाच्या जागी आता लोकप्रतिनिधी आला होता. ओळख लागे ती लागेच.

याच काळात शिक्षणाची केंद्रे घराजवळ आली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे 'लातूर पॅटर्न' या नावाने परिचित झालेल्या अध्यापनपद्धतीमुळे रेणापूरसारख्या गावांतील मुले अकरावीलाच लातुरात खोली घेऊन राहू लागली. महाविद्यालय व शिकवणी वर्ग यांच्या जवळ खोली, मेसचा डबा आणि गावाकडील दोन-तीन मुलांनी मिळून भरलेले भाडे अशी ही व्यवस्था होती. म्हणजे पुण्याला पोहोचण्यापूर्वीच या तरुणाने एकदा वस्ती निवडलेली असते. त्या निवडीचे शिक्षण त्याला लातूरने दिलेले असते.

पुणे : येण्याची वाट आणि राहण्याची वस्ती

१९९० नंतरच्या आर्थिक धोरणांमुळे आणि माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीमुळे पुण्याचे आकर्षण वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. हडपसर येथे शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी वसविली. खराडी परिसरातही कार्यालये आली. २००७–०८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि लातूरहून पुणेमार्गे मुंबईला जाणारी थेट गाडी मिळाली. तरीही रात्रीची खासगी ट्रॅव्हल्स हेच लातूरकरांचे मुख्य वाहन राहिले. ही बस सोलापूर रस्त्याने हडपसरमार्गे पुण्यात शिरते. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथून येणारी वाहने नगर रस्त्याने वाघोली–खराडी मार्गे येतात. काचीगुड्याच्या काळी जे स्थानकाचे होते, तेच आता रस्त्याच्या तोंडाचे झाले. हडपसर, मांजरी, वाघोली या भागांत मराठवाड्यातील कुटुंबे ठळकपणे दिसतात, त्यामागे कामाची ठिकाणे, तुलनेने कमी भाडे आणि गावाकडे जाणारी वाट ही तीनही कारणे एकत्र आलेली आहेत. पिंपरी-चिंचवडच्या भोसरी–चिखली पट्ट्यात कारखान्यांतील नोकरीने हेच घडविले.

शहराच्या मध्यभागाचे चित्र वेगळे आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत चार-पाच खाटा, खाटेचे भाडे, अभ्यासिकेचे शुल्क आणि मेसचे कार्ड हा त्यांचा संसार असतो. जुन्या पुण्यातील पेठेत जागा मिळणे एके काळी जातीवर अवलंबून होते. आज तेथे खाटेवर जात लिहिलेली नसते. परंतु हा तरुण त्या पेठेचा रहिवासी कधीच होत नाही. परीक्षा संपली की त्याची खाट दुसऱ्याला मिळते. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना निवास व संस्कार देणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था (१९५५) मात्र या शहरात आजही जुन्या 'मामाच्या घरा'ची उणीव काही प्रमाणात भरून काढतात.

निकषांमध्येही भर पडली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरविण्यात आले. पाण्यासाठी रात्र जागविलेल्या घरातील तरुण पुण्यात खोली पाहताना नळाला पाणी किती वेळ येते, टँकर लागतो काय, हे विचारतो. शहराच्या कडेला भाडे कमी असते, पण पाणी व रस्ते मागाहून येतात. वाघोलीचा पुणे महानगरपालिकेत समावेश २०२१ मध्ये झाला. तत्पूर्वी अनेक वर्षे तेथे मोठी गृहसंकुले उभी राहिलेली होती. १९३३ पूर्वीच्या हैदराबादेत हद्दीचा अर्थ सभेची मोकळीक असा होता. आजच्या पुण्यात हद्दीचा अर्थ पाण्याची जोडणी असा झाला आहे.

हैदराबादचा मार्गही बंद झालेला नाही. १९९८ मध्ये हायटेक सिटीचे उद्घाटन झाल्यानंतर नांदेड भागातील तरुणांना तेथेही संधी दिसू लागली. परंतु संगणक प्रशिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणारा आजचा तरुण अमीरपेठ किंवा माधापूर येथील वसतिगृहात उतरतो. तो काचीगुडा स्थानकावर उतरत असला तरी तेथे राहत नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय कोठे आहे, हे त्याला ठाऊक असण्याची गरज पडत नाही. शहर तेच असूनही वस्ती बदलली, कारण वस्ती निवडून देणारी संस्था बदलली.

भाडेकरार आणि ओळख

मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा, पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आणि विदर्भात स्वतंत्र आदेश अशी स्थिती दीर्घकाळ होती. म्हणजे लातूरचा तरुण पुण्यात जाताना भाड्याचा कायदाही बदलत असे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने राज्यभर एकच कायदा लागू केला. या कायद्याने लेखी व नोंदणीकृत करार आवश्यक ठरविला आणि परवानाधारकाकडून मुदतीनंतर जागा परत मिळविण्याची सोय घरमालकाला दिली. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा यामुळे घरमालकाला अधिक सुरक्षित वाटू लागली व नवागताला पागडीशिवाय जागा मिळणे शक्य झाले. त्याच वेळी दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलण्याची शक्यताही त्याच्या वाट्याला आली.

वेतनपत्रक, ओळखपत्र आणि अनामत रक्कम दाखविली की जागा मिळावी, अशी अपेक्षा असते. व्यवहारात मात्र 'आपण कुठले?' आणि 'आडनाव काय?' हे दोन प्रश्न करारापूर्वी येतात. दलित व मुस्लिम तरुणांना, तसेच एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रियांना या प्रश्नांनंतर जागा नाकारली जाण्याचा अनुभव येतो, हे सामाजिक वास्तव नाकारता येत नाही. नोकरदार महिलांसाठी वसतिगृहांची केंद्र शासनाची योजना १९७२–७३ पासून असूनही गरजेच्या मानाने ही सोय अपुरी आहे. शिक्षण घेत असेपर्यंत वसतिगृह वा निर्वाह भत्ता यांचा आधार असतो. पदवी मिळताच तो संपतो आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचे दोन-तीन महिने हा नवागताचा सर्वांत असुरक्षित काळ ठरतो. ज्याच्या घरी अनामत भरण्याइतकी शिल्लक आहे आणि ज्याचा भाऊबंद आधीच हडपसरला राहतो, त्याला हा काळ जाणवत नाही. पहिल्या पिढीतून शिकून आलेल्याला मात्र याच टप्प्यावर हाती आलेली नोकरी सोडून परतावे लागण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

१. रेणापूर–लातूर परिसरातील सुशिक्षित तरुणांच्या वस्तीनिवडीत येण्याची वाट हा घटक सातत्याने प्रभावी राहिला. निजामकाळात मराठवाड्यासाठी काचीगुडा स्थानकाने जे केले, ते पुण्यात सोलापूर व नगर रस्त्यांनी केले.

२. हैदराबादेतील रेसिडेन्सी बाजार परिसराची निवड ही भाषिक सोयीबरोबरच नागरी मोकळिकीची निवड होती. प्रशासकीय हद्द वस्तीच्या जीवनमानावर परिणाम करते, हे तेव्हाइतकेच आजही खरे आहे. केवळ त्या परिणामाचे स्वरूप बदलले आहे.

३. नवागत तरुण वस्ती निवडतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याची ओळख देणारा जेथे असतो, तेथे तो जातो. हा ओळख देणारा प्रथम नातलग, मग शासन व लोकप्रतिनिधी आणि आता नोकरी देणारी कंपनी व नोंदणीकृत करार असा बदलत गेला. ज्याला ओळख देणारा कोणी नव्हता, त्याच्यासाठी नागसेनवनासारख्या संस्थांनी ती उणीव भरून काढली.

४. करारामुळे ओळखीची गरज कमी झाली, पण आडनावाचा प्रश्न मिटला नाही. म्हणून शिक्षण आणि पहिली स्थिर नोकरी यांमधील काही महिन्यांसाठी निवासाची सार्वजनिक सोय उभी करणे ही सामाजिक न्यायाची बाब मानली पाहिजे.

५. लातूर व नांदेड येथील महाविद्यालयांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांमार्फत पुणे, मुंबई व हैदराबाद येथे नवागतांना तात्पुरता निवारा व माहिती देण्याचे काम हाती घेतल्यास ते उपयुक्त ठरेल. हैदराबादेत शंभर वर्षांपूर्वी अपुऱ्या साधनांनिशी शाळा व ग्रंथालय उभारणाऱ्या मराठी माणसांनी हेच केले होते. त्यांनी वसविलेल्या वस्तीत नवखा तरुण कोणाच्या तरी ओळखीने जात असे. आजच्या तरुणाला ती ओळख मागावी न लागता मिळावी, एवढीच अपेक्षा.